लाईन: एकच शब्द आणि किती अर्थ? तुमच्या घरातले, कामातले सांगा

शेवंती_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्रनगरात घरीच इंग्लिशची ट्यूशन घेते, सहावी ते आठवीची नऊ मुलं आहेत, चार मराठी घरातली आणि बाकी हिंदी. परवा धड्यात एक वाक्य आलं, पोचल्यावर मला चार ओळी लिही अशा अर्थाचं, इंग्लिशमध्ये ते "ड्रॉप मी अ लाईन" असं होतं. एका मुलाने कॉपीत अर्थ लिहिला, "माझ्याकडे एक दोरी खाली टाक." मी चूक म्हणून लाल पेन टेकवलं आणि तिथेच थांबले, कारण पोराने अंदाजपंचे लिहिलं नव्हतं, घरी डिक्शनरी उघडून बघितली होती आणि त्यात लाईनचा पहिला अर्थ दोरी हाच दिलेला होता. मग त्याचं चुकलं कुठे? आणि मी त्याला काय सांगू, की असे वीस अर्थ आहेत, पाठ कर?

त्या दिवशी मी घरात लाईन हा शब्द किती वेळा येतो ते मोजायला लागले. सकाळी सहाला सासूबाई, "नर्मदा आली नाही गं, लाईन फुटली वाटतं कुठे." (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. जलूदहून सत्तरेक किलोमीटर उचलून आणलेलं पाणी आहे, १९७८ पासून, तेव्हापासून घरोघरी हेच म्हणतात.) सातला नवरा म्हणाला गॅसच्या लाईनवाल्याला फोन कर. आठला मुलाच्या शाळेत प्रार्थनेची लाईन. दुपारी लाईट गेली तर लाईनमन. संध्याकाळी पेपरात, अमुक ठाण्याचे टीआय (म्हणजे ठाणेदार) लाईन अटॅच. पुण्याहून नणंद आलेली होती, ती विचारते, "लाईन अटॅच म्हणजे, त्यांना वायर जोडली?" तिला सांगावं लागलं की ठाण्यातून काढून पोलीस लाईनीत बसवलं, म्हणजे कारवाई झाली.

मला पाठांतर नकोय. हा शब्द मुलांसमोर उलगडून दाखवता यायला हवा, एका अर्थातून दुसरा कसा निघाला ते. तुम्ही सगळे वेगवेगळ्या कामातले आहात, आपापल्या कामात लाईन कुठे आणि कशी बोलतात ते लिहा प्लीज, मी खरंच वहीत उतरवून घेणार आहे.

सियागंज_भिया

ताई आमच्यात तर माणसाची ओळखच लाईनीने. मुलगी द्यायची म्हणलं की पहिला प्रश्न, मुलगा कोणत्या लाईनमध्ये आहे. किराणा लाईन, हार्डवेअर लाईन, दवा लाईन. दुसरी लाईन म्हणजे वसुलीची आणि मालाची, आमचा सेल्समन रोज एकेका रस्त्याला जातो, सोमवारी देवास लाईन, मंगळवारी धार लाईन, बुधवारी महू लाईन, त्या रस्त्यावरची सगळी दुकानं त्याची. नवा पोरगा ठेवला की आधी महिनाभर लाईन दाखवावी लागते, कोण उधारी दाबतो कोण चहा पाजून वाटेला लावतो. आणि कोणी बिघडला की लाईनवर आणा त्याला. लाईन मारणं तुम्ही शिकवू नका, ते मुलांना येतंच :)

दुरेघी

विषय छान आहे पण अर्थांची संख्याच बघायची तर सेट घ्या ना. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची दुसरी आवृत्ती, वीस खंडांची, त्यात सगळ्यात लांब नोंद सेटची होती, क्रियापदाचेच चारशे तीसच्या वर अर्थ, नोंद साठ हजार शब्दांची, म्हणजे एक छोटी कादंबरी. आता नव्या आवृत्तीत त्याला रनने मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी ते काम केलं, नऊ महिने लागले एका शब्दाला! माझ्या पाठदुखीच्या दिवसात मी असलंच वाचत पडलेले असते, म्हणून माहीत.

शेवंती_राजेंद्रनगर

दुरेघी, नऊ महिने वाचून काटाच आला अंगावर. पण सेट नको, सेटमध्ये मुलं हरवतील आणि मीही हरवेन. लाईन बरी, ती दिसते तरी. (तुमचं नाव बघून आठवलं, लहानपणी दुरेघी वही, चौरेघी वही म्हणायचो, आता आमच्याकडे दुकानात मराठी माणूससुद्धा चार लाईनची कॉपी मागतो.)

जुना_गार्ड

मी रेल्वेत गार्ड होतो, छोट्या लाईनीवर बरीच वर्षं काढली, खांडवा, महू, रतलाम. मीटर गेज म्हणजे छोटी लाईन आणि ब्रॉड गेज म्हणजे मोठी, हे इंदूरच्या प्रत्येक माणसाला कळतं. खांडव्यापासून इंदूरपर्यंतच्या लाईनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने, आणि जमीन फुकट. राजाने सरकारला कर्ज दिलं, हे पोरांना आवर्जून सांगा.

पण मला लिहायचंय ते लाईन क्लियरबद्दल. लोक आता कुठलंही काम मोकळं झालं की लाईन क्लियर म्हणतात, आमच्यात तो जीवन-मरणाचा शब्द होता. एकेरी लाईन, दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी पाहिजे. मग स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला घंटीच्या ठोक्यांनी विचारायचा, गाडी घेतोस का? पुढचा घेतो म्हणाला आणि त्याने तिकडून यंत्राची कळ धरली, तरच इकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. नीलचं बॉल टोकन म्हणतात त्या यंत्राला, लाल रंगाचं, दोन घंट्यांचं. गोळा एकदा बाहेर आला की तो कुठल्या तरी एका टोकाच्या यंत्रात परत पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघूच शकत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि पोर्टर ते कडं उंच धरून उभा, चालत्या गाडीतून फायरमन हात घालून घ्यायचा. पावसाळ्यात रात्री कंदिलाच्या उजेडात पाताळपाणीच्या घाटात ते कडं हातात आलं की जिवात जीव यायचा. तो गोळा म्हणजे लाईन क्लियर. आम्ही "लाईन क्लियर मिळालं का" असं विचारायचो, नपुंसकलिंगी, वस्तू असल्यासारखं, कारण ती वस्तूच होती, हातात धरायची.

आता पाताळपाणी ते कालाकुंड तेवढी हेरिटेज गाडी चालते, २०१८च्या डिसेंबरपासून. मुलांना एकदा घेऊन जा.

सिस्टर_पलासिया

काका वाचताना तो गोळा दिसला मला. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, आमच्यात लाईन म्हणजे नळी. पेशंट आला की पहिलं, लाईन घेतली का? म्हणजे हाताच्या शिरेत सुई घालून रस्ता उघडून ठेवला का. लाईन आऊट झाली, लाईन ब्लॉक झाली, हे दिवसभर. मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाजवळ नेतात ती सेंट्रल लाईन, जी औषधं हाताची शीर जाळतात ती तिच्यातून द्यायची.

एकदा रात्री एका काकूंना डॉक्टर म्हणाले, पेशंटला लाईन लावायची आहे, सही करा. त्या बिचाऱ्या बाहेर येऊन मला विचारतात, "लाईन किती मोठी आहे? आमचा नंबर सकाळपर्यंत येईल ना?" त्यांना वाटलं नवऱ्याला कुठल्या तरी रांगेत लावताहेत. हातात आधार कार्ड, पदराला पैसे बांधलेले, रांगेत उभं राहायची पूर्ण तयारी. त्या दिवसापासून मी नातेवाइकांशी बोलताना लाईन म्हणतच नाही, औषध द्यायची नळी म्हणते. ज्याचा माणूस आत आहे त्याला दोन अर्थातला कुठला ते ओळखायला लावायचं नाही.

आणि ताई, मुलांना एक सांगा, सलाईनमधल्या लाईनचा या लाईनशी काही संबंध नाही. ते मिठावरून आलंय, लॅटिन साल म्हणजे मीठ. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुली सलाईनची लाईन म्हणून सलाईन समजायच्या.

महूकर

कँटोनमेंटचा माणूस आहे, महूतच जन्म. १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर इंग्रज सेनापती माल्कमने इथे छावणी बसवली. पलटणीचे तंबू आणि मग बराकी एका रांगेत, म्हणून त्यांना लाईन्स. त्यावरून पोलिसांच्या क्वार्टरांना पोलीस लाईन, आणि मुलकी साहेबांचे बंगले वेगळे म्हणून सिव्हिल लाईन्स, उत्तरेत गावोगाव आहेत. शेवंतीताईंच्या टीआयला जिथे पाठवलं ती लाईन याच घराण्यातली.

फौजेत दुसरी लाईन नकाशावरची. १९४९ची सीझफायर लाईन, १९७२च्या सिमला करारानंतर ती लाईन ऑफ कंट्रोल झाली. इथे लाईन शब्द मुद्दाम आहे. बॉर्डर म्हणजे दोघांनी मान्य केलेली हद्द, लाईन म्हणजे आज कोण कुठपर्यंत उभा आहे ते. टीव्हीवाले सरसकट बॉर्डर म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. आणि माणसांच्या नावाच्या लाईनी, ड्युरँड १८९३, मॅकमोहन १९१४, रॅडक्लिफ १९४७. रॅडक्लिफची तर १७ ऑगस्टला जाहीर झाली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी पंजाब-बंगालातल्या कित्येक गावांना आपण कुठल्या देशात आहोत ते माहीत नव्हतं. आमच्या शेजारी एक पंजाबी आजी होत्या, त्या फाळणी शब्द वापरायच्या नाहीत, "जब लकीर पडी" म्हणायच्या.

मिडऑफ

क्रिकेट कसं विसरले सगळे, तेही इंदूरात, सी. के. नायडूंच्या गावात! लाईन अँड लेंथ. लेंथ म्हणजे चेंडू बॅट्समनपासून किती लांब टप्पा खातो, लाईन म्हणजे कुठल्या स्टंपच्या दिशेने. ही लाईन जमिनीवर आखलेली नसते, चेंडू गेल्यावर डोळ्यापुढे उमटते. बास एवढंच.

उपसंपादक

आमच्या धंद्यात हेडलाईन, बायलाईन, डेटलाईन आणि सगळ्यांचा बाप डेडलाईन. डेडलाईन मुळात तुरुंगातली आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जियात अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत काही फुटांवर एक लाकडी कठडा होता, तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालायचे. मरणाची रेघ. विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द वेळेसाठी उचलला. मी तीस वर्षं रोज रात्री डेडलाईन डेडलाईन करत होतो, हे कळल्यापासून तो शब्द तोंडातून निघताना जड जातो.

हॉटलाईनही घ्या. १९६३ची मॉस्को-वॉशिंग्टन. सगळ्यांच्या डोळ्यापुढे लाल फोन येतो, पण तिथे फोन नव्हताच, टेलिप्रिंटर होता, लिहूनच बोलायचे, कारण बोलण्यात चूक होऊ शकते.

साधी_मराठी

सगळ्यांचं वाचलं, आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. ओळ, रांग, रेघ, रेषा, आपल्याकडे इतके शब्द, आणि या एका लाईनने सगळे खाल्ले. माझी नात रांगेत उभी राहत नाही, लाईनमध्ये उभी राहते, रेघ मारत नाही, लाईन मारते (आणि तो अर्थ ऐकून मी दचकते), कवितेची ओळ म्हणत नाही, लाईन म्हणते. इंदूरच्या मराठीत तर हिंदीमुळे आणखी लवकर जातंय. तुम्ही मुलांना लाईनचे वीस अर्थ शिकवणार, मग आपल्या चार शब्दांचं काय?

जुना_गार्ड

ताई तुमचं दुःख समजतं, पण लाईन क्लियरला मी दुसरा शब्द घेणार नाही. त्या शब्दावर मी आणि हजारो प्रवासी सुखरूप घरी आलो आहोत. तो आता माझ्या आईच्या भाषेतला झाला.

शेवंती_राजेंद्रनगर

साधी_मराठी ताई, तुम्ही लिहिलंत ते दिवसभर डोक्यात होतं. गार्डकाकांची लाईन परकी नाही हे खरं, आणि नातीची रेघ गेली हेही खरं. मला वाटतं काकांनी लाईन घेतली ती नव्या वस्तूबरोबर, वस्तू नवी म्हणून शब्द नवा. नातीच्या हातात वस्तू जुनीच आहे, पेन्सिल आणि कागद, तिथे रेघ होतीच की. मी ट्यूशनमध्ये आता हे करून बघते, प्रत्येक लाईनला मराठी घरातल्या मुलांनी मराठी शब्द शोधायचा आणि हिंदीवाल्यांनी हिंदी.

कात्री_कापड

उशिरा आलो, सीझन आहे. वडिलांपासून शिलाईचं काम, बाजारातून कापड आणतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, कोटाचं लाईनिंग म्हणजे अस्तर. ते सरळ रेघेवरून आलेलं नाही हे मला गिऱ्हाइकाने सांगितलं, कॉलेजात शिकवायचे ते. पूर्वी विलायतेत अस्तर लिननचं लावायचे म्हणून अस्तर लावणं म्हणजे लाईन करणं. आणि लिनन कशापासून, तर जवसाच्या झाडाच्या सालीतल्या धाग्यापासून. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम, आणि जवसाच्या दोऱ्याला लिनिया, त्याच लिनियावरून लाईन. म्हणजे अस्तर आणि रेघ सख्ख्या बहिणी निघाल्या. जवसाचं तेल लिनसीड ऑइल, त्यातही लिन तोच.

दुसरी, बटणं. बटणाचं माप लाईनमध्ये असतं. ४० लाईनचा एक इंच. शर्टाला १८ लाईन, कोटाच्या बाहीला २४, कोटाच्या पुढे ३२. शर्टाचं बटण म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आतबाहेर. नव्या पोराला मी पट्टी देत नाही, १८ आणि २४ची दोन बटणं तळहातावर ठेवून डोळे मिटायला सांगतो, बोटाला कळलं पाहिजे.

शेवंती_राजेंद्रनगर

दादा!! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं सासूबाईंना. त्या स्वयंपाकघरात जवसच निवडत होत्या, चटणीसाठी. मूळ धारकडच्या त्या, घरी शेती, म्हणाल्या आमच्याकडे अळशी म्हणायचे, निळ्या फुलांचं शेत असतं, पण आम्ही बियांसाठी लावायचो, धागा काढताना कधी पाहिला नाही. मग एक चिमूट तळहातावर घेऊन बघत बसल्या, चपट्या, तपकिरी, चकचकीत, आणि म्हणाल्या, "याची दोरी झाली आणि दोरीची रेघ झाली?"

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची दोरीच मूळ निघाली! सोमवारी त्याला वर्गासमोर सांगणार आहे. पण एक अडतंय. दोरी कळली. दोरीवरून नळी, टेलिफोनची तार, विजेची तार, हे सगळं कळतं, लांब आणि बारीक. दोरीवरून रेघ कशी झाली? रेघ तर ओढतात. दोरी ओढून कागदावर काही उमटत नाही.

ओळंबा

उमटतं ताई. रोज उमटवतो.

सुतारकाम आजोबांचं, वडिलांचं, मी बांधकामाचे ठेके घेतो, बाणगंगेला राहतो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. लाकडाच्या मोठ्या ओंडक्यावर सरळ रेघ पट्टीने येत नाही, पट्टी पुरत नाही. मग सूत मारायचं. सुती दोरा घ्यायचा, ओल्या गेरूत बुडवून काढायचा, दोन्ही टोकांच्या खुणांवर दोघांनी ताणून दाबून धरायचा, इतका ताणायचा की बोटाने टिचकी मारली तर तारेसारखा वाजला पाहिजे. मग एकाने मधोमध दोन बोटांत धरून सरळ वर उचलायचा, तिरका नाही, नाहीतर रेघ वाकडी पडते, आणि सोडून द्यायचा. टण्ण. दोरा उचलला की खाली लाल रेघ, इकडून तिकडे, केसाएवढी बारीक. दहा फुटांवरही वाकत नाही. त्या रेघेवर करवत चालते. मी सात वर्षांचा असताना आजोबांनी दोऱ्याचं एक टोक माझ्या अंगठ्याखाली दिलं होतं, गेरू नखात जायचा तो दोन दिवस निघायचा नाही, शाळेत गुरुजी विचारायचे मेंदी लावली का रे.

भिंत चढवताना गवंडी दोन टोकांना खिळे ठोकून दोरी बांधतात, तिच्याबरोबर विटा. तिला आमच्यात लाईनदोरी म्हणतात. आज कात्रीदादांचं वाचून कळलं की लाईन म्हणजेही दोरीच, म्हणजे आम्ही दोरीदोरी म्हणतो. भिंत सरळ असली की सूतात आहे म्हणायचं. इंचाचे आठ भाग केले तर एकेका भागाला सूत म्हणतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच. बटणाचं माप लाईन आहे तसं आमचं सूत.

आणि मला ओळंबा म्हणतात म्हणून सांगतो, त्यात ओळ नाही. भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं वजन दोरीला लोंबतं म्हणून ओळंबा, अवलंबवरून.

दुरेघी

ओळंबादादा, तुम्ही म्हणता लिहायची सवय नाही, मी तीनदा वाचलं!! आणि पुढचं ऐका. सुतार हा शब्द सूत्रधारवरून आलाय, सूत धरणारा. तुमच्या अंगठ्याखालचा दोरा तुमच्या जातकुळीच्या नावातच आहे. आणि संस्कृतात सूत्र म्हणजे आधी धागा, मग थोडक्यात बांधलेलं वाक्य, व्याकरणाची सूत्रं, गणिताचं सूत्र. धाग्याचं वाक्य झालं. तिकडे लॅटिनमध्ये लिनिया म्हणजे धागा, तिचीही लिहिलेली ओळ झाली. दोन वेगळ्या टोकांच्या भाषा, एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या, कारण दोन्हीकडे कोणीतरी सुतार दोरा ताणून धरत होता.

आपली ओळ मात्र वेगळी, ती आवलीवरून, दीपावलीतली आवली, म्हणून दिवाळीत ओळ आहे आणि रांगोळीतही आहे, रंगावली. रेघ रेखावरून, ती ओरखड्याची, लिहिणं मुळात ओरखडणंच होतं.

साधी_मराठी

दिवाळीत आणि रांगोळीत ओळ. हे मी नातीला आज रात्रीच सांगते.

सिस्टर_पलासिया

नाईट ड्यूटीवर वाचतेय. आता आयव्ही लाईन लावताना मला शेत दिसणार निळ्या फुलांचं.

शेवंती_राजेंद्रनगर

काल केलं. सगळं सांगते.

वाण्याकडून गेरू आणला, वाटीत कालवला, शिवणाचा दोरा बारीक पडला म्हणून सासूबाईंनी गोधडीचा जाड दोरा दिला. गच्चीवर चुन्याची पांढरी भिंत आहे, पाण्याच्या टंकीच्या बाजूची. पहिल्यांदा एकाने तिरका उचलला, रेघ धनुष्यासारखी आली आणि सगळीकडे शिंतोडे. दुसऱ्यांदा दोरा ढिला, नुसता लाल पुसट पट्टा. तिसऱ्यांदा मी एक टोक धरलं, दोरी टाक लिहिणाऱ्या मुलाने दुसरं, आणि मधून उचलायला सगळ्यात लहान मुलगी. आवाज खरंच आला, दादा, टण्ण असा, आणि भिंतीवर आठ फुटांची रेघ, एवढी सरळ की कोणी बोललंच नाही काही वेळ. मग तो मुलगा म्हणाला, "मॅडम, दोरी टाकली तर लाईन आली." त्याच्या कॉपीतली लाल पेनाची खूण मी त्याच्यासमोर खोडली आणि खाली लिहिलं, अर्थ बरोबर, जागा दुसरी.

मग रेघेखाली बसून जवसाच्या बिया वाटल्या, लिननचा एक तुकडा कात्रीदादांनी पाठवला होता तो फिरवला, १८ आणि २४ची बटणं डोळे मिटून ओळखायला लावली (निम्म्यांची चुकली). टाकलेली दोरी म्हणजे पाठवलेली ओळ इथपर्यंत मुलं आपणहून आली. लाईन अटॅचपर्यंत मात्र त्यांना न्यावं लागलं, दोरी, मग रेघ, मग रेघेवर उभे केलेले तंबू, मग त्यातले शिपाई, मग ती जागा. महूकर, तुमचे तंबू फळ्यावर काढले.

शेवटी आपल्या शब्दांचा खेळ घेतला. मी वस्तू सांगायची, त्यांनी ओळ, रांग, रेघ की रेषा ते म्हणायचं. तिकीट खिडकी, रांग. पणत्या, ओळ. तळहात, रेषा. कविता, ओळ. पेन्सिल, रेघ. हिंदीवाली मुलं कतार, पंक्ती, लकीर म्हणत होती आणि तीही भांडत होती आपसात. मी सांगितलं, ओळीत आणि रांगेत पुष्कळ जण लागतात, एकेक सुटा दिसतो, रेघेत सुटं काही दिसत नाही. मग विचारलं, मुंग्या? सगळे ओरडले, रांग. ती लहान मुलगी म्हणाली, रेघ. म्हणलं का गं? तर म्हणाली, "आमच्या मुंग्या फार बारीक आहेत, मॅडम, लांबून सुट्या दिसतच नाहीत."

काय उत्तर द्यायचं सांगा.

साधी_मराठी

तिचं बरोबर आहे. लांबून रेघ, जवळ गेलं की रांग.

ओळंबा

भिंत पुसू नका ताई. गेरू पावसापर्यंत टिकेल.